बेथलेहेमचे मेंढपाळ खरोखरच बहिष्कृत होते का?

धागाकर्ता: पहाटवारा

नाताळच्या दिवसांत चर्चमधील प्रवचनांत, मासिकांतील लेखांत आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एक विधान हमखास भेटते. येशूच्या जन्माची वार्ता ज्यांना सर्वप्रथम कळली, ते मेंढपाळ म्हणे त्या काळच्या यहूदी समाजात बहिष्कृत होते, न्यायसभेत त्यांची साक्षही चालत नसे, आणि म्हणूनच देवाने मुद्दाम त्यांची निवड केली. हे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्याला आधार काय, हे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. या धाग्यात मला तो आधारच तपासायचा आहे. माझ्या मते तो लंगडा आहे, आणि त्याच्या नादात लूकने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते वाचायचे राहून जाते.

मेंढपाळांचा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्ये, दुसऱ्या अध्यायाच्या ८ ते २० या तेरा वचनांत येतो. मेंढपाळ किती होते, त्यांची नावे काय, वये काय, यांपैकी काहीही लूक सांगत नाही. ते रानात राहून रात्री आपल्या कळपाची राखण करीत होते, एवढीच त्यांची ओळख आहे. त्यांनी येताना कोकरू आणले, असे लूक म्हणत नाही. त्यांना तारा दिसला, असेही म्हणत नाही. तारा मत्तयाच्या शुभवर्तमानातील मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी, लोकांचा. बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत. आपल्या धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या बैल-गाढवाचे यशया संदेष्ट्याचे वचन पुढे या कथेशी जोडले गेले, त्यातून ते आले. नाताळचा गोठा मांडताना आपण जे जे ठेवतो, त्यातील बरेचसे पुढच्या शतकांनी भक्तिभावाने घातलेली भर आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण मूळ कथा कोठे संपते आणि भर कोठे सुरू होते, हे ठाऊक असावे.

आता बहिष्काराच्या विधानाकडे वळतो. त्याच्या पुष्ट्यर्थ जे ग्रंथ पुढे केले जातात ते मुख्यतः यहूदी आचार्यांचे आहेत. मिशना हा धर्मनियमांचा संग्रह साधारण इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला आणि बाबिलोनी तालमूद, म्हणजे त्यावरील चर्चेचा ग्रंथ, त्याच्याही काही शतके नंतरचा. मेंढपाळाला साक्षीसाठी अपात्र ठरवणारा उल्लेख तालमूदातील सनहेद्रिन या भागात आहे, हे खरे. पण त्याचे कारण तेथेच स्पष्ट आहे. मेंढपाळ आपली जनावरे दुसऱ्याच्या शेतात घुसवून चारतो, म्हणजे परक्याचा माल लुबाडतो, असा संशय त्यामागे आहे. हा आक्षेप सचोटीविषयीचा आहे, जन्माविषयीचा किंवा शुद्धाशुद्धतेविषयीचा नाही. शिवाय त्याच तालमूदात लोक आपली जनावरे मेंढपाळाच्या हवाली करतात, हे गृहीत धरून चर्चा चालते.

मिशनाच्या किद्दुशीन या भागात एका आचार्याचे मत दिले आहे. बापाने मुलाला गाढवे हाकणारा, उंट हाकणारा, नावाडी, मेंढपाळ किंवा दुकानदार करू नये, कारण हे धंदे लुटारूंचे आहेत, असे तो म्हणतो. हे वचन नेहमी अर्धेच सांगितले जाते. यादीत दुकानदार आहे, आणि त्याच परिच्छेदात पुढे वैद्यांतील उत्तमोत्तम नरकात जातील असेही म्हटले आहे. एवढ्यावरून पहिल्या शतकातील यहूदिया प्रांतात वैद्य आणि दुकानदार बहिष्कृत होते, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. मग तो फक्त मेंढपाळांबाबत का काढायचा?

याउलट लूकला आणि त्याच्या वाचकांना जे धर्मग्रंथ मुखोद्गत होते, त्यांत मेंढपाळ कोण आहेत ते पाहावे. मोशे सासऱ्याची मेंढरे चारीत होता, तेव्हा त्याला जळते झुडूप दिसले. राहेल बापाची मेंढरे राखीत होती. आमोस संदेष्टा तकोवा येथील मेंढपाळांपैकी होता, आणि तकोवा बेथलेहेमपासून फार दूर नाही. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी आला तेव्हा धाकटा दावीद बेथलेहेमच्याच शिवारात मेंढरांमागे होता, आणि त्याला बोलावून आणल्याशिवाय पंगतीला बसायचे नाही, असे शमुवेलाने बजावले. परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे तेविसावे स्तोत्र तर सर्वांना पाठ असते. मेंढपाळ मात्राचा तिटकारा असल्याचा उल्लेख जुन्या करारात येतो, तो उत्पत्तीच्या ४६ व्या अध्यायात, आणि तो तिटकारा मिसरी लोकांचा आहे, इब्री लोकांचा नाही.

मग ते प्रतिष्ठित होते का? तसेही नाही. येशूचा समकालीन असलेला अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो लिहितो की शेळ्यामेंढ्या राखण्याचे काम श्रीमंतांना आणि राजांना हलके वाटते. ते गरीब होते, कष्टकरी होते, रात्र उघड्यावर काढणारे होते, आणि त्यांना कोणी विचारीत नव्हते. एवढे पुरेसे आहे. त्यावर बहिष्काराचा आणखी एक थर चढवताना आपण आपल्याकडील जातिव्यवस्था नकळत यहूदियात नेऊन बसवतो, आणि वर यहूदी धर्म निर्दय असल्याचा ठपकाही ठेवतो. तो ठपका अन्यायाचा आहे, आणि या विषयावर लिहावेसे वाटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात मेंढरे आहेत त्यांनीही अवश्य लिहावे.

प्रतिसाद: माणदेशी

आमच्या घराण्यात मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून शेवटच्या वाक्याला प्रतिसाद देतो. ग्रंथांचा माझा अभ्यास नाही, परंतु रात्रीची राखण म्हणजे काय हे ठाऊक आहे.

दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, बाहेर पडला की मुक्काम रोज नव्या शिवारात असतो. सांजेला वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे आत घेतात, लहान कोकरे वेगळी ठेवतात, आणि मग माणसे पाळीपाळीने जागतात. लांडग्याची भीती असते तशी चोराचीही असते. कुत्री भुंकण्याच्या आधी मेंढरेच सांगतात. सगळा कळप एकदम उठून एका बाजूला दाटतो, आणि झोपेत असलेल्या माणसालाही त्या खुरांच्या आवाजाने जाग येते. लूकच्या कथेत देवदूत आल्यावर ते मेंढपाळ फार भ्याले असे लिहिले आहे. मला ते अगदी खरे वाटते. रात्री अचानक उजेड झाला की आमच्या मनात पहिला विचार मेंढरे उधळतील, हाच येणार.

दुसरा मुद्दा शेतकऱ्यांशी असलेल्या नात्याचा. पीक निघाल्यावर तोच शेतकरी आम्हाला बोलावून रानात मेंढरे बसवून घेतो, कारण लेंडीखताने जमिनीला कस येतो; त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. तेच रान पेरलेले असताना एखादे मेंढरू बांध ओलांडून आत गेले, तर भांडण ठरलेले. मेंढपाळ परक्याच्या शेतात चारतो, हा तालमूदातील संशय वाचून मला नवल वाटले नाही. बागायतदार आणि मेंढका जिथे एकाच शिवारात आहेत, तिथे हा वाद असणारच. पण त्या वादाचा अर्थ आम्ही गावाबाहेरचे आहोत असा होत नाही. त्याच माणसाच्या घरच्या लग्नाला आम्ही जातो.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. बेथलेहेमला चला, असे ते एकमेकांना म्हणाले आणि घाईने निघाले, असे लूक सांगतो. मग कळपापाशी कोण थांबले? कोणताही मेंढका रात्री कळप उघडा टाकून जाणार नाही. एकदोघे मागे राहिले असणारच, आणि त्यांना बाळ दिसले नाही. त्यांच्याविषयी कोणी काही लिहिले आहे का?

प्रतिसाद: पहाटवारा

माणदेशी, आपल्या प्रतिसादाने धाग्याचे वजन वाढले. मागे राहिलेल्यांविषयी लूक गप्प आहे. मात्र गेलेल्यांनी बाळाविषयी सर्व सांगितले, आणि ऐकणारे थक्क झाले, असे तो लिहितो. पहिले ऐकणारे कदाचित तेच असतील. लूकच्या कथेत मेंढपाळांनी बाळाला काहीही दिल्याचा उल्लेख नाही. त्यांनी जे केले ते एवढेच: गेले, पाहिले आणि सांगितले. त्यांची साक्ष चालत नव्हती, हे आपण प्रवचनात ऐकतो. लूकच्या कथेत तर कोणीही त्यांच्यावर अविश्वास दाखवीत नाही.

शेतात मेंढरे बसवण्याचा आपला मुद्दा बेथलेहेमलाही लागू पडतो. गावाच्या पूर्वेकडील शिवार गव्हाजवाचे. जुन्या करारातील रूथने सरवा वेचला तो याच गावात. पीक निघाल्यावर धसकटांत मेंढरे चरत, आणि पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, कळप त्याच्याही पूर्वेला यहूदियाच्या कोरड्या उतारांवर जात, कारण तेव्हाच तेथे थोडेबहुत गवत उगवते.

प्रतिसाद: शोधयात्री

धागा उत्तम आहे, पण एका मताचा उल्लेख राहिला असे वाटते. हे मेंढपाळ साधे नव्हते. यरुशलेमच्या मंदिरात बळी देण्यासाठी लागणारी मेंढरे ते राखीत, असे अभ्यासक अल्फ्रेड एडरशाइम यांनी १८८३ साली मांडले. बेथलेहेमजवळ मिग्दल एदेर, म्हणजे कळपाचा बुरूज, नावाचे ठिकाण होते. उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात आणि मीखाच्या चौथ्या अध्यायात त्याचे नाव येते. यरुशलेमपासून मिग्दल एदेरपर्यंतच्या टापूत सापडलेले जनावर नर असेल तर होमबली आणि मादी असेल तर शांत्यर्पण समजावे, असा मिशनात नियम आहे. त्यावरून एडरशाइम यांनी तर्क केला की तेथील कळप मंदिराचे होते आणि ते बाराही महिने उघड्यावर असत. हे खरे धरले, तर बळीच्या कोकरांचे राखणदारच देवाच्या कोकराला, म्हणजे येशूला, पाहायला आले, असा फार सुंदर अर्थ निघतो. निर्दोष कोकरांना जन्मतःच कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवीत, आणि म्हणूनच देवदूताने सांगितलेली खूण, म्हणजे कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले बाळ, मेंढपाळांना लगेच कळली, असेही वाचनात आले होते. यावर आपले मत काय?

प्रतिसाद: पहाटवारा

शोधयात्री, अर्थ सुंदर आहे हे मान्य. पण पुरावा तेवढा भार पेलत नाही. मिशनाचा तो नियम चुकलेल्या, बेवारस सापडलेल्या जनावरांविषयी आहे, आणि मिग्दल एदेर तेथे अंतराचे माप म्हणून येते: यरुशलेमपासून तेवढ्या अंतरावर, कोणत्याही दिशेला. यात्रेसाठी आणलेले जनावर निसटले असण्याचा संभव मोठा, म्हणून ते मंदिराचे धरावे, एवढाच त्याचा आशय आहे. मिग्दल एदेर येथे मंदिराचे कळप ठेवीत, असे तो नियम सांगत नाही. कोकरांना कापडात गुंडाळण्याच्या गोष्टीला तर कोणत्याही प्राचीन ग्रंथाचा आधार नाही. त्या काळी प्रत्येक नवजात मूल बाळंत्यात गुंडाळले जाई. खुणेतील वेगळेपण गव्हाणीत आहे. गावात त्या रात्री आणखी एखादे मूल जन्मले असते, तरी ते गव्हाणीत नसते.

याच अध्यायात थोडे पुढे एक तपशील आहे, जो मला मंदिराच्या कळपाच्या तर्कापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. प्रसूतीनंतरच्या शुद्धीकरणासाठी मरिया आणि योसेफ यरुशलेमला जातात, तेव्हा होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले अर्पण करण्याचा नियम लूक सांगतो. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाप्रमाणे या प्रसंगी एक वर्षाचे कोकरू आणि एक पक्षी द्यायचा असतो. कोकरू देण्याची ऐपत नसेल, तरच दोन पक्ष्यांवर भागवण्याची मुभा आहे. म्हणजे ज्या घराकडे मेंढपाळ धावत आले, त्या घराला एक कोकरू विकत घेणे परवडत नव्हते. लूक हे ठळक करून सांगत नाही. नियम ठाऊक असलेल्याला ते आपोआप उमजते. मेंढपाळांची गरिबी आणि या घराची गरिबी एकाच पातळीवरची आहे, आणि भेटीला आलेल्यांना त्या घरात अवघडल्यासारखे वाटण्याचे काही कारण नव्हते.

प्रतिसाद: शिलालेख

मेंढपाळांच्या प्रसंगाची सुरुवात रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या शिरगणतीच्या हुकमाने होते, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. इ.स.पू. ९ मध्ये आशिया प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) नगरांच्या सभेने ठराव केला की औगुस्ताचा जन्मदिवस, २३ सप्टेंबर, हाच यापुढे वर्षारंभ मानावा. हा ठराव प्रिएने येथील शिलालेखात मिळाला आहे. त्यात औगुस्ताला युद्धे थांबवणारा तारणारा म्हटले आहे, आणि त्या देवाचा जन्मदिन जगासाठी शुभवार्तेचा आरंभ ठरला, असे शब्द आहेत. त्याच वर्षी रोममध्ये औगुस्ताच्या शांतीची वेदी लोकार्पण झाली.

आता देवदूतांचे बोलणे पाहावे: शुभवार्ता, तारणारा, जन्म, पृथ्वीवर शांती. साम्राज्याने जे शब्द संगमरवरावर कोरून चौकाचौकांत उभे केले होते, तेच लूक रानातील माणसांच्या कानांवर घालतो. शिरगणतीचा हुकूम सोडणाऱ्याला या जन्माचा पत्ता नाही, आणि ज्यांची गणती कर वसूल करण्यासाठी व्हायची आहे, त्यांना तो आधी कळतो. लूकच्या पहिल्याच अध्यायात मरियेने गायिलेल्या स्तोत्रात अधिपतींना राजासनांवरून ओढून काढल्याचे आणि दीनांना उंच केल्याचे शब्द आहेत; मेंढपाळांचा प्रसंग त्या ओळींचा पहिला दाखला आहे, असे मला वाटते.

या शिरगणतीबाबत इतिहासाची एक अडचण आहे, तीही नोंदवतो. लूक ज्याचे नाव घेतो त्या सीरियाच्या सुभेदार क्विरीनियाच्या कारकिर्दीतील नोंदलेली गणती इ.स. ६ मधली, तर ज्याच्या राज्यात येशू जन्मला त्या हेरोद राजाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मध्ये मानतात. हा मेळ सहज बसत नाही. पण लूकला औगुस्त आणि मेंढपाळ समोरासमोर उभे करायचे होते, हे त्यामुळे पुसट होत नाही.

प्रतिसाद: रंगरेषा

चित्रकलेच्या इतिहासातून भर घालते. फ्लेमिश चित्रकार ह्यूगो व्हान डर गूस याचे १४७५ च्या सुमाराचे एक भव्य वेदिचित्र फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. मेदिची पेढीचा ब्रूज येथील कारभारी तोम्मासो पोर्तिनारी याने ते करून घेतले आणि १४८३ मध्ये ते फ्लॉरेन्सला पोहोचले. त्यात उजवीकडून तीन मेंढपाळ आले आहेत, आणि ते देवदूतांपेक्षा आकाराने मोठे आहेत. पुढच्याने गुडघे टेकून हात जोडले आहेत. ते हात बघावेत: उन्हाने रापलेले, जाड बोटांचे. त्याच्या शेजारचा वाकलेला आहे, आणि मागच्याचे तोंड आश्चर्याने उघडे राहिल्यामुळे त्याचे दात नीट नाहीत हेही दिसते. बाळ गव्हाणीत नाही, उघड्या जमिनीवर आहे. सगळ्या चित्रात सर्वांत जिवंत चेहरे याच तिघांचे आहेत. बाकीचे जण ध्यानस्थ आहेत, हे तिघे पाहत आहेत.

या चित्राचा फ्लॉरेन्सच्या चित्रकारांवर फार परिणाम झाला. गिर्लांदायोने १४८५ मध्ये सांता त्रिनिता चर्चसाठी जे मेंढपाळांचे चित्र काढले, त्यात हीच धाटणी दिसते, आणि त्यातील बाळाकडे बोट दाखवणारा मेंढपाळ म्हणजे चित्रकार स्वतः, असे मानले जाते. त्यात गव्हाण म्हणून एक रोमन दगडी शवपेटी ठेवली आहे. शिलालेख यांच्या प्रतिसादाशी हे किती जुळते, पाहा.

मध्ययुगीन इंग्लंडमधील वेकफिल्डच्या मेंढपाळ-नाटकातही हाच जिव्हाळा आहे. तेथील मेंढपाळ आधी थंडीविषयी आणि बड्या धन्यांच्या जुलमाविषयी गाऱ्हाणे मांडतात, मेंढी चोरणाऱ्याला पकडतात, आणि मग गव्हाणीपाशी जाऊन बाळाला चेरींचा घोस, एक पक्षी आणि खेळायला चेंडू देतात. धर्मगुरूंनी मेंढपाळांच्या हाती प्रतीके दिली असती. त्या नाटककाराने लहान मुलाला आवडतील अशा वस्तू दिल्या.

प्रतिसाद: पायवाट

बेथलेहेमच्या पूर्वेला लागूनच बैत साहूर हे गाव आहे, आणि मेंढपाळांचे शिवार म्हणून यात्रेकरूंना तेथेच नेतात. तेथे एक नव्हे, तीन जागा दाखवल्या जातात: फ्रान्सिस्कन संघाची, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चची आणि प्रॉटेस्टंट यात्रेकरू जातात ती वायएमसीएची. फ्रान्सिस्कन जागेतील चर्च वास्तुकार अंतोनियो बार्लुत्सी यांनी १९५३-५४ मध्ये बांधले. बाहेरून त्याचा आकार भटक्यांच्या तंबूसारखा आहे, आणि आत घुमटाच्या झरोक्यांतून प्रकाश उतरतो. शेजारच्या उत्खननात प्राचीन मठाचे अवशेष निघाले. ग्रीक जागेत भूमिगत चर्च आहे, त्याची कुट्टिमाची (मोझेइकची) फरशी चौथ्या शतकातील मानतात. त्या विशिष्ट बांधावर देवदूत उतरला होता, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मात्र चौथ्या शतकापासून लोक याच परिसरात येऊन हा प्रसंग आठवत आले, हे त्या फरशीवरून निश्चित कळते.

एक प्रश्न विचारतो. २५ डिसेंबरला बेथलेहेममध्ये कडाक्याची थंडी असते, तेव्हा मेंढरे रानात असूच शकत नाहीत, म्हणून ही तारीख चुकीची, असा युक्तिवाद नेहमी ऐकतो. तो कितपत बरोबर आहे?

प्रतिसाद: पहाटवारा

पायवाट, लूक तारीखच देत नाही, त्यामुळे त्याच्या मजकुरावरून ती खोटी किंवा खरी ठरवता येत नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी निश्चित नोंद रोममधील आहे आणि ती चौथ्या शतकातील आहे. थंडीचा युक्तिवाद मात्र कच्चा आहे. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेआठशे मीटर उंचावर आहे, रात्री गारठा असतो. परंतु पूर्वेकडे उतरत गेले की मृत समुद्राच्या बाजूची हवा उबदार होत जाते, आणि चाराही त्याच दिवसांत तेथे असतो. शिवाय तेथील रुंद शेपटीच्या अवासी मेंढ्या साधारणपणे हिवाळ्यातच वितात. मेंढ्या विण्याच्या दिवसांत मेंढपाळ रात्रभर का जागतो, ते माणदेशी अधिक चांगले सांगतील.

प्रतिसाद: माणदेशी

त्या दिवसांत झोप नसतेच. मेंढी रात्री व्याली आणि कोकरू ओले राहून गारठले, तर सकाळपर्यंत टिकत नाही. ते पुसून, कोरडे करून, घोंगडीत घेऊन आईच्या आचळाला लावावे लागते. ज्याने त्याच रात्री असे एखादे कोकरू हाताळले असेल, त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले मूल पाहून दारिद्र्य आधी दिसणार नाही. मूल उबेला आहे, आईजवळ आहे, हे आधी दिसेल.

प्रतिसाद: सांजदिवा

आमच्या वसईकडे तरुण मंडळे गावोगावी गोठे मांडतात, म्हणून व्यवहारातला प्रश्न. मेंढपाळ आणि तीन राजे एकत्र ठेवावेत की नाही, यावरून दर वर्षी वाद होतो. काय करावे?

प्रतिसाद: पहाटवारा

सांजदिवा, लूकचे मेंढपाळ जन्माच्या रात्रीच येतात, तर मत्तयाचे मागी लोक नंतर येतात, ते एका घरात. आणि हेरोद दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना मारण्याचा हुकूम देतो, त्यावरून मधे बराच काळ गेला असावा. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि त्यांची संख्याही देत नाही. त्यामुळे नाताळच्या रात्री गव्हाणीजवळची जागा मेंढपाळांना द्यावी. राजांच्या मूर्ती गोठ्याच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात आणि ६ जानेवारीच्या सणाला आत आणाव्यात. अनेक देशांत हीच रीत आहे. जागा अपुरी असेल आणि सर्वांना एकत्र ठेवणे भागच असेल, तर निदान मेंढपाळांना राजांच्या मागे दडवू नये, एवढा आग्रह मंडळाच्या बैठकीत जरूर धरावा. आणि शक्य असल्यास एक मेंढपाळ कळपापाशी मागे ठेवावा; माणदेशींचा प्रश्न वाचल्यापासून आमच्या गोठ्यात तसे करायचे मी ठरवले आहे.